कराचीला निघालेली वायुनौका

ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन यांचा जन्म नाशिकचा, 13 एप्रिल 1875 चा. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी, आईचं माहेरही फौजेतलंच. पुढे ते स्वतः ब्रिगेडियर जनरल झाले, लष्कर सोडून मजूर पक्षात गेले आणि 1924 साली रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या पहिल्या मजूर सरकारात ब्रिटनचे हवाई मंत्री झाले. उमरावपद मिळालं तेव्हा त्यांनी किताब घेतला ‘लॉर्ड थॉमसन ऑफ कार्डिंग्टन’. कार्डिंग्टन हे बेडफर्डजवळचं एक लहानसं गाव. तिथल्या सरकारी कारखान्यात अजस्र वायुनौका बांधायची आणि तिच्यात बसून चार-पाच दिवसांत हिंदुस्थान गाठायचा, हा त्यांचा ध्यास होता. त्या वायुनौकेचं नाव आर-101. 5 ऑक्टोबर 1930 च्या पहाटे ती फ्रान्समध्ये कोसळून जळाली, तेव्हा थॉमसन आतच होते.

वायुनौका म्हटलं की बहुतेकांना ‘हिंडेनबर्ग’च्या आगीची चित्रफीत आठवते. हायड्रोजनसारखा ज्वालाग्राही वायू भरला, आग लागली, विषय संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. या नौकांची आयुष्यं एकापुढे एक ठेवून पाहिली, तर अपघाताच्या जागी वायूच्या जोडीला आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते: कुणीतरी आधीच ठरवून टाकलेली तारीख.

हवेचं वजन

हवा आपल्याला जाणवत नाही, पण समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.2 किलो भरतं. तेवढ्याच जागेत हायड्रोजन भरला तर त्याचं वजन शंभर ग्रॅमही होत नाही. हेलियमचं होतं त्याच्या दुप्पट. रिकामा डबा पाण्यात दाबून धरला की तो जसा वर उसळतो, तसाच हलका वायू हवेत वर ढकलला जातो. हायड्रोजनचा एक घनमीटर सुमारे 1.1 किलो वजन उचलतो, हेलियमचा एक किलोच्या आसपास. शंभर अंशांपर्यंत तापवलेली हवा मात्र जेमतेम पाव किलो उचलते.

एवढ्या हिशेबावरून वायुनौका इतक्या प्रचंड का असत, हे कळतं. शंभर टन उचलायचे तर लाखभर घनमीटर वायू हवाच. भोवतालची हवा तापली की ती विरळ होते आणि उचल घटते, ही त्यातली आणखी एक मेख. हिंदुस्थानच्या वाटेवर निघालेल्या नौकेला याच मेखेनं छळलं.

पहिला मान गरम हवेला मिळाला. फ्रान्समधल्या आनोने गावच्या जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए या कागद कारखानदार भावांनी 4 जून 1783 रोजी आपला फुगा लोकांसमोर उडवला. 19 सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि जिवंत परतले. 21 नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे पॅरिसवरून सुमारे 25 मिनिटं तरंगत गेले. जमिनीशी न बांधलेल्या फुग्यातून माणसानं केलेलं ते पहिलं उड्डाण. अवघ्या दहा दिवसांनी, 1 डिसेंबरला, भौतिकशास्त्रज्ञ जाक शार्ल हायड्रोजनच्या फुग्यातून उडाले आणि दोन तासांत 36 किलोमीटरवर उतरले. हायड्रोजन तयार करण्यासाठी लोखंडावर गंधकाम्ल ओतावं लागे. ऑगस्टमध्ये शार्ल यांचा माणसाविना सोडलेला फुगा गोनेस गावात पडला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी तो शेतातल्या अवजारांनी फाडून टाकला होता.

फुग्याला सुकाणू

फुगा वर जाई, पण जायचं कुठे ते वारा ठरवी. 1870 साली प्रशियन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा साठाहून अधिक फुगे टपाल आणि माणसं घेऊन शहराबाहेर पडले. बाहेरून ठरवून आत उतरणं मात्र कुणालाच जमलं नाही.

सुकाणूचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. 24 सप्टेंबर 1852 रोजी आँरी जिफार यांनी लांबट फुग्याखाली तीन अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन टांगून पॅरिसहून 27 किलोमीटरची मजल मारली. वाऱ्यावर मात करून परत फिरण्याइतका जोर त्या इंजिनात नव्हता. निघालेल्या जागी परत येण्याचं काम साधलं 9 ऑगस्ट 1884 रोजी. शार्ल रनार आणि आर्थर क्रेब्ज या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची विजेच्या मोटरवर चालणारी ‘ला फ्रान्स’ 23 मिनिटांत आठ किलोमीटरची फेरी मारून मूळ ठिकाणी उतरली. 1901 च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी पेट्रोल इंजिनाची वायुनौका आयफेल टॉवरला वळसा घालून आणली, एक लाख फ्रँकचं बक्षीस जिंकलं आणि ती रक्कम आपले कारागीर आणि पॅरिसमधले गरीब यांना वाटून टाकली.

या सगळ्या नौका कापडी पिशव्या होत्या. आतल्या वायूच्या दाबावर त्यांचा आकार टिकून राही. जर्मनीच्या काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ॲल्युमिनियमचा ताठ सांगाडा उभारला, आत वायूच्या वेगवेगळ्या पिशव्या ठेवल्या आणि बाहेरून कापड ताणलं. एखादी पिशवी गळली तरी बाकीच्या नौकेला तोलून धरत. 2 जुलै 1900 रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर त्यांची 128 मीटर लांबीची पहिली नौका अठरा मिनिटं उडाली. तेव्हा काउंट 61 वर्षांचे होते. पैसे संपले, कंपनी बंद पडली, दुसरी नौका वादळात मोडली. 5 ऑगस्ट 1908 रोजी चौथी नौका एख्टरडिंगन इथे हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत जळाली. पण त्याच दिवसापासून जर्मनीच्या गावागावांतून देणग्या सुरू झाल्या आणि साठ लाखांहून अधिक मार्क जमले. त्यातून नवा कारखाना उभा राहिला. 1909 मध्ये स्थापन झालेली ‘डेलाग’ ही जगातली पहिली हवाई प्रवासी कंपनी. पहिल्या महायुद्धापर्यंत तिनं दीड हजारांहून अधिक उड्डाणांतून 34 हजार माणसं वाहून नेली, आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही.

या पिशव्या कशाच्या होत्या, हे आज वाचताना नवल वाटतं. गुरांच्या आतड्याच्या एका भागावरचा पातळ पापुद्रा सोलून, खरवडून, धुऊन कापडावर एकावर एक चिकटवला जाई. हायड्रोजनचे सूक्ष्म रेणू रोखणारं इतकं हलकं दुसरं काही तेव्हा हाताशी नव्हतं. शिवाय रबर लावलेल्या कापडासारखी त्याच्या घर्षणातून ठिणगी पडत नसे. एका मोठ्या झेपेलिनसाठी सुमारे अडीच लाख जनावरांची आतडी लागत. महायुद्धात जर्मनीच्या ताब्यातल्या काही भागांत सॉसेज बनवायला बंदी झाली, ती यापायीच. 31 मे 1915 च्या रात्री झेपेलिननं लंडनवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी इंग्रज वैमानिकांना स्फोटक आणि पेटत्या गोळ्या मिळाल्या, आणि झेपेलिनचा धाक ओसरला.

साम्राज्याची घाई

युद्धानंतर ब्रिटनला या नौकांमध्ये वेगळाच उपयोग दिसू लागला. जुलै 1919 मध्ये आर-34 ही ब्रिटिश वायुनौका स्कॉटलंडहून 108 तासांत न्यूयॉर्कजवळ पोचली आणि उलट अटलांटिकही ओलांडून आली. अमेरिकेच्या बाजूला नौका बांधून घेणारे जाणते हात नव्हते, म्हणून एका अधिकाऱ्यानं हवाई छत्रीनं खाली उडी मारून सूचना दिल्या. विमानांना तेव्हा एवढा पल्ला आणि एवढे प्रवासी झेपत नव्हते, आणि बोटीनं मुंबईला यायला दोन-तीन आठवडे जात. वायुनौकांच्या जाळ्यानं लंडन, इजिप्त, हिंदुस्थान आणि कॅनडा जोडायचे, अशी योजना 1924 मध्ये ठरली. तिच्यासाठी दोन नौका घडवायच्या होत्या: आर-100 खासगी कंपनीनं, आर-101 सरकारी कारखान्यानं.

हिंदुस्थानातला मुक्काम ठरला कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. ड्रिघ रोडजवळच्या माळावर सुमारे 850 फूट लांबीचं पोलादी हँगर उभं राहिलं. कराचीकर त्याला ‘काला छपरा’ म्हणू लागले.

आर-101 मध्ये साठ जणांची पंगत बसेल असं भोजनगृह होतं, लांबरुंद बैठकीची खोली होती आणि लाखो घनफूट हायड्रोजनखाली ॲस्बेस्टॉसनं मढवलेली धूम्रपानाची खोलीसुद्धा होती. पण हिशेब चुकत गेला. उष्ण प्रदेशात पेट्रोल भडकेल या भीतीनं डिझेल इंजिनं घेतली, ती बेसुमार जड निघाली. पोलादी सांगाडाही जड झाला. इंधन, माणसं आणि सामानासाठी 60 टन उचल हाताशी राहील अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात राहिली 35 टन. एवढ्यावर कराची गाठणं अशक्य होतं. मग पिशव्यांच्या जाळ्या सैल करून त्यांत जास्त वायू भरला. तेव्हा फुगलेल्या पिशव्या सांगाड्याला घासू लागल्या आणि त्यांना बारीक भोकं पडू लागली. शेवटी नौका मधोमध कापून एक नवा भाग बसवला. लांबी 237 मीटर झाली, उचल सुमारे 49 टन. पिशव्यांचं घासणं थांबवण्यासाठी सांगाड्यावर हजारो ठिकाणी कापडी गाद्या बांधल्या.

या बदलांनंतर पूर्ण वेगानं, खराब हवेत, दीर्घ पल्ल्याची चाचणी व्हायला हवी होती. 1 ऑक्टोबरला एकच चाचणी झाली, तीही शांत हवेत. एका इंजिनाचा तेलाचा कूलर बिघडल्यामुळे पूर्ण वेगानं जाताच आलं नाही. लंडनमध्ये साम्राज्य परिषद सुरू होती. थॉमसन यांना हिंदुस्थानला जाऊन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परिषदेला परतायचं होतं. इजिप्तमधल्या इस्माइलियाला आणि कराचीला नौकेतच मेजवान्या ठरल्या होत्या आणि त्यासाठी गालिचा चढवला होता. उड्डाणयोग्यतेचा दाखला अगदी अखेरच्या घडीला हाती आला.

4 ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, पावसाळी वाऱ्यात, 54 माणसांना घेऊन आर-101 कार्डिंग्टनच्या मनोऱ्यापासून सुटली. वर चढण्यासाठीच तिला चार टन पाणी ओतून द्यावं लागलं. मध्यरात्रीच्या सुमारास आलेल्या बिनतारी संदेशात प्रवासी उत्तम जेवून, शेवटचा सिगार ओढून झोपायला गेल्याचं कळवलं होतं. दोन वाजता पाळी बदलली. सर्वांत मागच्या इंजिनखोलीत आर्थर बेल यांना सोडवायला जो बिंक्स काही मिनिटं उशिरा पोचले, म्हणून दोघेही तिथेच बोलत उभे होते. तेवढ्यात नौकेनं नाक खाली घातलं. ती एकदा सावरली आणि पुन्हा खाली गेली. बोव्हे शहराजवळच्या टेकडीला तिचं नाक टेकलं ते फार वेगानं नव्हे. त्या टेकण्यानं क्वचितच कुणी दगावलं असतं. पण लगेच हायड्रोजन पेटला. बिंक्स आणि बेल यांच्या डोक्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि त्या धबधब्यानं आग त्यांच्यापर्यंत येऊ दिली नाही. 54 पैकी 48 जण गेले. जे सहा वाचले त्यांत हे दोघे होते.

चौकशीचे अध्यक्ष होते सर जॉन सायमन. 1928 मध्ये ज्यांच्या आयोगाला हिंदुस्थानभर काळी निशाणं दाखवली गेली, तेच हे सायमन. 1931 च्या त्यांच्या अहवालात तांत्रिक कारण दिलं आहे: पुढचं आवरण फाटून पिशव्यांतला वायू गळाला असावा. पण अहवाल तिथे थांबत नाही. सरकारी धोरणाच्या दृष्टीनं निघणं अगत्याचं मानलं गेलं नसतं, तर नौका त्या संध्याकाळी सुटलीच नसती, असा निष्कर्ष त्यात स्वच्छ नोंदवला आहे. धडधाकट आर-100 नं त्याच उन्हाळ्यात कॅनडाची फेरी करून दाखवली होती. तीही मोडून भंगारात विकली. ब्रिटनची वायुनौका योजना तिथेच संपली.

दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. टाटा टपालाची थैली घेऊन कराचीच्या याच ड्रिघ रोड विमानतळावरून एका छोट्या विमानातून उडाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात या उड्डाणानं झाली.

थांबायला शिकलेला कप्तान

वायुनौका मुळातच अशक्य होती का? ह्यूगो एकेनर यांच्याकडे पाहिलं तर तसं म्हणता येत नाही. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पत्रकार झालेले एकेनर आधी झेपेलिनच्या प्रयोगांवर टीका करत. पुढे ते काउंटनाच जाऊन मिळाले आणि कप्तान झाले. 16 मे 1911 रोजी ड्युसेलडॉर्फला, जमलेल्या गर्दीला निराश करायचं नाही म्हणून, त्यांनी सोसाट्याच्या वाऱ्यात ‘डॉइशलांड’ हँगरबाहेर काढली. वाऱ्यानं ती हँगरवरच आपटली. जीवितहानी झाली नाही, पण त्या दिवसानंतर हवा पटल्याशिवाय एकेनर यांनी कुणासाठीही दोर सोडला नाही.

त्यांची ‘ग्राफ झेपेलिन’ 18 सप्टेंबर 1928 रोजी पहिल्यांदा उडाली. ऑगस्ट 1929 मध्ये अमेरिकेतल्या लेकहर्स्टहून निघून, जर्मनी, टोकियो आणि लॉस एंजेलिस करत 21 दिवसांत ती जगाला प्रदक्षिणा घालून आली. त्यातला जर्मनी ते जपान हा 11 हजार किलोमीटरचा टप्पा विनाथांबा होता. तिची इंजिनं ‘ब्लाऊ गॅस’वर चालत. या वायूचं वजन हवेइतकंच असल्यामुळे इंधन जळालं तरी नौकेचा तोल बदलत नसे. पुढे ब्राझीलपर्यंत तिची ठरलेल्या वेळापत्रकाची सेवा चालली. नऊ वर्षांत 590 उड्डाणं, सोळा लाखांहून अधिक किलोमीटर आणि एकाही प्रवाशाला इजा नाही. हीसुद्धा हायड्रोजनवरच उडत होती.

‘हिंडेनबर्ग’ या 245 मीटर लांबीच्या नौकेचा आराखडा हेलियम डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. पण हेलियमचा साठा अमेरिकेकडे होता आणि कायद्यानं त्याची निर्यात बंद होती. मार्च 1936 मध्ये नाझी प्रचाराच्या दौऱ्यासाठी ही नवी नौका घाईनं, अयोग्य वाऱ्यात काढली गेली आणि तिची शेपटी जमिनीवर आदळली. एकेनर यांनी संतापून कप्तानाला सुनावलं. त्यावर गोबेल्सनं जर्मन वृत्तपत्रांत त्यांचं नाव छापायलाच बंदी घातली. 6 मे 1937 रोजी वादळामुळे उशीर झालेली ‘हिंडेनबर्ग’ लेकहर्स्टला उतरताना पेटली आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सांगाडा उरला. आतल्या 97 पैकी 35 आणि जमिनीवरचा एक, असे 36 जण दगावले. वर्नर फ्रान्झ हा चौदा वर्षांचा नोकर मुलगा मात्र डोक्यावर पाण्याची टाकी फुटल्यानं भिजला आणि वाचला, कार्डिंग्टनच्या बिंक्स आणि बेल यांच्यासारखाच.

फक्त हेलियम असता तर सगळं निभावलं असतं, असंही नाही. अमेरिकन नौदलाच्या नौका हेलियमवरच उडत. ‘शेनँडोआ’ 1925 मध्ये वादळात तुटली. 4 एप्रिल 1933 रोजी ‘अ‍ॅक्रन’ समुद्रात पडली आणि 76 पैकी 73 जण गेले. वायुनौकेच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात, आणि त्यात आगीचा संबंध नव्हता. ‘शेनँडोआ’च्या शेवटच्या दौऱ्याला तिच्या कप्तानानं वादळी मोसमाचं कारण देऊन हरकत घेतली होती. पण जत्रांमधून नौका लोकांना दाखवण्याचा कार्यक्रम वरून ठरलेला होता.

पुन्हा वर

माणसांची वाहतूक विमानांकडे गेली, पण हलक्या वायूचं काम थांबलं नाही. ऑगस्ट 1912 मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून सुमारे 5,300 मीटर उंची गाठून विश्वकिरणांचा शोध लावला होता. त्याच विषयावर काम करणाऱ्या होमी भाभांनी फुग्यांवरून प्रयोग सुरू केले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं पुढे हैदराबादला फुग्यांचं स्वतंत्र केंद्र उभारलं. 20 एप्रिल 2005 रोजी तिथून सोडलेल्या फुग्याचं आकारमान साडेसात लाख घनमीटर होतं, म्हणजे आर-101 च्या जवळपास पाचपट. त्यानं 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेत स्वतंत्रपणे झाली आणि जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या एकीला फ्रेड हॉइल यांचं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला इस्रोचं नाव दिलं आहे.

वायुनौकाही परतते आहे, या वेळी हेलियमवर. कार्डिंग्टनच्या त्याच जुन्या हँगरमधून ऑगस्ट 2016 मध्ये ‘एअरलँडर 10’ उडाली. कॅलिफोर्नियात 124 मीटर लांबीच्या ‘पाथफाइंडर 1’ला सुरुवातीला फक्त कमी उंचीवर उडण्याची परवानगी दिली गेली आणि तिच्या चाचण्या टप्प्याटप्प्यानं पुढे नेल्या जात आहेत. धावपट्टी नसलेल्या डोंगराळ भागात अवजड माल नेणं, पूरग्रस्तांपर्यंत मदत पोचवणं, आकाशात दिवसेंदिवस एका जागी थांबून टेहळणी करणं, या कामांसाठी तिचा विचार होतो आहे. पवईच्या आयआयटीतही हवेपेक्षा हलक्या यानांवर संशोधन चालतं.

3 मे 2025 रोजी मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून डीआरडीओनं आपली पहिली स्थितांबरी वायुनौका उडवली. आग्र्याच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ही नौका सुमारे 17 किलोमीटर उंचीवर गेली आणि 62 मिनिटांनी चाचणी संपवून ती उतरवण्यात आली. तिच्या पुढच्या उड्डाणांची तारीख ती बांधणाऱ्यांनीच ठरवावी आणि त्यांना लागेल तितका वेळ त्यांना मिळावा.